वाचकांचे प्रश्न: पेडल थरथरलं तरी पाय उचलू नका

या वेळी एबीएसवर, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकवर, इतके प्रश्न आलेत की बाकी सगळं बाजूला ठेवून अख्खी जागा त्यालाच दिलीये. बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट विचारली आहे, त्यामुळे ती पहिली घेतो आणि तिथे जरा जास्त वेळ थांबतो.

प्रश्न: पावसात उतारावरून येत होतो, साधारण साठचा स्पीड. पुढची गाडी एकदम थांबली म्हणून मी पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल खडखडायला लागलं आणि खालून कर्रर्र असा आवाज. मला वाटलं ब्रेकचं काहीतरी तुटलं, घाबरून पाय उचलला, मग परत दाबला. थोडक्यात वाचलो. गॅरेजमध्ये दाखवली तर ते म्हणतात ब्रेक एकदम ओके आहेत. मग ते काय होतं?

गॅरेजवाले बरोबर सांगतायत. काही तुटलं नव्हतं, एबीएस त्याचं काम करत होतं, आणि ते काम करताना असंच वाटतं. पेडल पायाला मागे ढकलतं, थरथरतं, बॉनेटखालून मोटर चालल्यासारखा आवाज येतो. गाडी घेतली तेव्हा हे कुणी सांगितलेलं नसतं आणि पहिल्यांदा कळतं ते नेमकं जीव मुठीत असतो तेव्हा, त्यामुळे पाय उचलला जाणं अगदी स्वाभाविक आहे. पण तेच सगळ्यात धोक्याचं आहे. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. अर्धा सेकंद जरी पाय वर राहिला तरी आठ मीटर, म्हणजे दोन गाड्यांएवढं अंतर तुम्ही ब्रेकशिवाय गेलात.

आता आत काय होतं ते सांगतो, कारण एकदा ते कळलं की त्या थरथरीची भीती जाते.

ब्रेक गाडीला थांबवत नाही, ब्रेक फक्त चाकाला थांबवतो, गाडीला थांबवते ती टायर आणि रस्त्यामधली पकड. ही पकड कधी सगळ्यात जास्त असते? चाक अगदी मोकळं फिरत असताना नाही आणि पूर्ण जाम झाल्यावरही नाही, तर चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडं हळू फिरत असतं तेव्हा. गाडी शंभरच्या वेगाने चाललीये आणि चाक ऐंशी-नव्वदच्या हिशोबाने फिरतंय, एवढा फरक असताना साधारण डांबरी रस्त्यावर टायर सगळ्यात चांगला धरतो. त्याच्यापुढे ब्रेक दाबत गेलं की चाक फार वेळ मधे राहत नाही, पटकन लॉक होतं. मग टायरचा एकच तुकडा रस्त्यावर घासत जातो, रबर तापतं, पकड कमी होते. आणि त्याहून वाईट म्हणजे बाजूला वळवणारी पकड जवळपास संपतेच. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडी सरळच जाते, कारण फिरत असलेलं चाकच गाडीला वळवू शकतं, घासत जाणारं चाक कुठल्या दिशेला तोंड करून आहे याने काही फरक पडत नाही. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडीची शेपूट पुढे यायला बघते, ते आणखी भयंकर.

तर एबीएसचं काम एवढंच, की चाक लॉक होऊ द्यायचं नाही. प्रत्येक चाकाच्या हबजवळ एक दातेरी रिंग असते, नव्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा ती चुंबकीय पट्टी असते आणि बेअरिंगमध्येच बसवलेली असते. तिच्यासमोर, अगदी मिलिमीटरच्या आसपास अंतरावर, एक सेन्सर. चाक फिरलं की प्रत्येक दात समोरून जाताना एक सिग्नल जातो, त्यावरून कॉम्प्युटरला चारही चाकांचा वेग सतत कळत असतो. गाडी कितीही जोरात ब्रेक मारला तरी एका मर्यादेपेक्षा जास्त वेगाने मंदावू शकत नाही. पण लॉक व्हायला निघालेलं चाक डोळ्याचं पातं लवायच्या आत साठवरून शून्यावर येतं. कॉम्प्युटर हेच पकडतो, की एवढ्या लवकर गाडी थांबूच शकत नाही म्हणजे हे चाक आता जाम होतंय.

मग तो व्हॉल्व्ह चालवतो. प्रत्येक चाकाच्या ब्रेक लाईनवर दोन व्हॉल्व्ह असतात असं समजा. आधी पहिला बंद होतो, म्हणजे तुम्ही पायाने कितीही दाबा, त्या चाकाकडे आणखी प्रेशर जात नाही. तरी चाक मंदावतच असेल तर दुसरा उघडतो आणि थोडं ब्रेक ऑइल तिथून बाहेर सोडतो, ब्रेक जरा ढिला होतो, चाक पुन्हा वेग पकडतं. ते पकडलं की दुसरा बंद, पहिला उघडा, प्रेशर परत चढतं. हे एका सेकंदात अनेक वेळा, रस्ता आणि सिस्टीमप्रमाणे दहा-पंधरा वेळासुद्धा, आणि प्रत्येक चाकासाठी वेगळं. कुठलाही माणूस पायाने एवढं करू शकत नाही, आणि चार चाकांचं वेगवेगळं तर नाहीच, कारण पाय एक आणि पेडल एक.

बाहेर सोडलेलं ऑइल कुठेतरी परत घालावं लागतं ना, तर एक छोटा पंप ते उचलून मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे तुमच्या पेडलच्या दिशेने, परत ढकलतो. ती जी खडखड तुम्हाला पायाला लागली ती ही. आणि कर्रर्र आवाज म्हणजे तो पंप आणि व्हॉल्व्ह.

म्हणून करायचं असं. जोरात दाबा, अगदी पेडल खाली जाईल तेवढं, आणि गाडी थांबेपर्यंत किंवा धोका टळेपर्यंत तसंच दाबून धरा. गिअरची गाडी असेल तर क्लचही सोबत दाबा, नाहीतर इंजिन बंद पडेल. आणि स्टेअरिंग मोकळ्या जागेकडे वळवा, पण झटका देऊन नाही. नजर त्या मोकळ्या जागेवर ठेवा, समोरच्या गाडीच्या डिकीवर नाही. माणूस जिकडे बघतो तिकडे त्याचे हात जातात, घाबरलेला असताना तर नक्कीच.

प्रश्न: मला ड्रायव्हिंग शिकवलं तेव्हा सांगितलं होतं की निसरड्यावर ब्रेक एकदम दाबायचा नाही, पंप करायचा, दाब-सोड दाब-सोड. आता एबीएसच्या गाडीतही तसंच करायचं ना?

नाही, एबीएस असेल तर अजिबात नाही. ज्यांनी शिकवलं त्यांचं तेव्हाच्या गाड्यांसाठी बरोबर होतं, दाब-सोड करून चाक लॉक होण्यापासून सोडवायचं आणि मधल्या क्षणात स्टेअरिंग वापरायचं, हीच ती युक्ती. पण एबीएस तेच काम तुमच्यापेक्षा कितीतरी वेगाने करतंय, त्यात तुम्ही पाय सोडलात की प्रेशरच जातं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोघांनी एकच काम करायचं नाही. तुम्ही फक्त जोर द्या.

जुनी गाडी असेल, एबीएस नसेलच, तर मात्र ती जुनी शिकवण अजूनही लागू आहे. पेडल घट्ट दाबा, चाकं घासल्याचा आवाज आला किंवा स्टेअरिंग हलकं पडलं की पाय पूर्ण न उचलता किंचित ढिला करा, परत दाबा. आणि वळायचं असेल तर त्या क्षणापुरता ब्रेक सोडावाच लागतो. घरात दोन गाड्या असतील, एक एबीएसवाली आणि एक बिनएबीएसवाली, तर कुठल्या गाडीत बसलोय हे बसतानाच डोक्यात पक्कं करा.

प्रश्न: हे एबीएस तसं नवीनच आहे का? माझे सासरे म्हणतात विमानात फार आधीपासून होतं.

सासऱ्यांचं बरोबर आहे. विमान उतरताना चाक लॉक झालं तर टायर फुटतो, त्यामुळे गरज आधी तिथे होती. डनलॉपची मॅक्सारेट नावाची सिस्टीम १९५०च्या दशकात विमानांवर आली, ती पूर्ण मेकॅनिकल होती, एका छोट्या फ्लायव्हीलवर चालायची. तीच पुढे १९६६च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत बसवली. पण आज आपण वापरतो तसं इलेक्ट्रॉनिक, चारही चाकांचं एबीएस बॉशने १९७८ साली आणलं आणि ते पहिल्यांदा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये, जास्तीचे पैसे देऊन, मिळू लागलं. मोटरसायकलवर १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूने. म्हणजे कल्पना जुनी, पण इतकी वर्षं अडकलं होतं ते सेकंदाच्या छोट्याशा भागात हिशोब करू शकणारं, भरवशाचं इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं म्हणून.

प्रश्न: एबीएस असल्यावर गाडी लवकर थांबते, बरोबर ना? सेल्समन तर तसंच म्हणाला.

अर्धवट बरोबर, आणि हे अर्धवट राहिलं तर नुकसान होतं म्हणून नीट सांगतो.

ओल्या डांबरावर, गुळगुळीत काँक्रीटवर, हो, घाबरलेल्या साध्या ड्रायव्हरसाठी एबीएसची गाडी बहुतेक वेळा आधी थांबते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर फरक कमी असतो. पण खडीवर, सुट्या मातीवर किंवा ताज्या पडलेल्या जाड बर्फावर उलटं होतं. तिथे लॉक झालेलं चाक समोर खडीचा किंवा बर्फाचा ढीग करतं आणि त्या ढिगाला अडून थांबतं. एबीएस चाकाला फिरतं ठेवतं, त्यामुळे चाक ढिगावरून चढून पुढे जातं आणि अंतर वाढतं. म्हणून काही फोर बाय फोर गाड्यांमध्ये कच्च्या रस्त्यासाठी वेगळा मोड असतो, त्यात चाक थोडं जास्त वेळ लॉक होऊ देतात. खडीच्या रस्त्यावर एबीएसवर विसंबू नका, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, तेवढंच आपल्या हातात.

मग एबीएसचा खरा फायदा काय? माझं ठाम मत आहे की तो थांबण्यात नाही, वळण्यात आहे. पूर्ण ब्रेक दाबलेला असताना तुम्ही समोरच्या गोष्टीला बगल देऊ शकता, हे त्याच्याशिवाय जमत नाही. सेल्समनने हे सांगायला हवं होतं.

आणि फिजिक्स कुणाला सुटत नाही. कोरड्या रस्त्यावर, टायर चांगले असताना, साठवरून थांबायला नुसतं ब्रेकिंगचं अंतर साधारण १८ मीटर लागतं. ओल्यावर ते २८ च्या आसपास जातं. त्यात तुम्हाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी १७ मीटर. स्पीड दुप्पट केला तर ब्रेकिंगचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. एबीएसचा कॉम्प्युटर कितीही हुशार असला तरी रस्ता देईल तेवढीच पकड तो वापरतो, नवीन पकड तयार करत नाही. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागला तर एबीएसकडे वापरायला पकडच नसते.

जर्मनीत म्युनिकमध्ये १९८०च्या दशकात एका टॅक्सी कंपनीच्या गाड्यांवर अभ्यास झाला होता, काही टॅक्सींना एबीएस, काहींना नाही, बाकी सगळं सारखं. अपघातांच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक पडला नाही, उलट एबीएसवाल्या टॅक्सी जास्त बेधडक चालवल्या जात होत्या. नंतर ब्रेकचं तंत्र खूप सुधारलं, पण माणूस तोच आहे. ज्या भरवशावर आपण दहाने स्पीड वाढवतो त्याच भरवशाने आपला फायदा खाऊन टाकलेला असतो.

प्रश्न: डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिलाय. ब्रेक तर नेहमीसारखे लागतायत. चालवू का?

साधे ब्रेक चालू आहेत, एबीएस बंद आहे, असा त्याचा अर्थ. चावी फिरवल्यावर तो दिवा लागून काही सेकंदात विझतो, ते नॉर्मल. राहिला तर सिस्टीमने स्वतःच दोष शोधून स्वतःला बंद केलंय. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ शकता, फक्त आता ही बिनएबीएसची गाडी आहे असं समजून, जास्त अंतर ठेवून.

पण सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर थांबा. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते, आणि तसं असलं तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. ऑइलची लेव्हल बघा, आणि कमी असेल किंवा पेडल मऊ लागत असेल तर गाडी चालवूच नका, टो करून न्या.

प्रश्न: माझ्याकडे उलटं आहे. कोरडा रस्ता, पंधरा-वीसचा स्पीड, सिग्नलला आरामात थांबतोय, आणि अगदी थांबता थांबता पेडल थरथरतं. आधी वाटलं डिस्क वाकडी झाली.

चांगलं लिहिलंत, कारण ही तक्रार खूप वेळा चुकीच्या जागी शोधली जाते आणि लोक उगाच डिस्क बदलून घेतात.

डिस्क खराब असेल तर थरथर सहसा जास्त स्पीडवरून ब्रेक मारताना जाणवते, स्टेअरिंगलाही येते आणि वेग कमी होईल तशी तीही मंदावत जाते. तुमची मात्र फक्त शेवटी येते. याला कारण बहुतेक वेळा ती दातेरी रिंग किंवा सेन्सर. रिंगखाली गंज फुगतो, रिंगला तडा जातो, किंवा सेन्सरच्या तोंडावर ब्रेकची लोखंडी धूळ चिकटते. स्पीड असताना सिग्नल ठीक येतो, पण चाक हळू झालं की कमकुवत सिग्नल मधेच तुटतो आणि कॉम्प्युटरला वाटतं हे चाक लॉक झालं. मग नको तिथे एबीएस चालू होतं आणि ब्रेक ढिला करतं. सिग्नलला दोन-तीन फूट पुढे सरकणं म्हणजे पुढच्या गाडीच्या बंपरला किंवा चालत जाणाऱ्या माणसाला लागणं, म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू नका.

गॅरेजमध्ये सांगा की स्कॅनर लावून चारही चाकांचे वेग एकत्र दाखवा आणि गाडी हळूहळू थांबवा. तीन चाकं १२, ८, ५ असं उतरतायत आणि चौथं मधेच ८ वरून शून्य दाखवतंय, तर दोष तिथेच. हल्ली बेअरिंग बदलून घेतलं असेल तर तेही आवर्जून सांगा. चुंबकीय पट्टी असलेलं बेअरिंग उलटं बसवलं तर चाक एकदम नीट फिरतं पण सेन्सरला काहीच दिसत नाही, पिवळा दिवा लागतो, आणि बाहेरून बघून कुणाला कळत नाही.

प्रश्न: एबीएसचं वेगळं मेंटेनन्स काय करायचं?

वेगळं असं फार नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, किंवा गाडीच्या पुस्तकात दिलं असेल तसं, कारण ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी मुरलं की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि व्हॉल्व्ह आतून गंजू शकतात, आणि तो व्हॉल्व्हचा डबा बदलायचा म्हणजे मोठा खर्च. चारही टायर एकाच साइजचे ठेवा, एखादा वेगळ्या घेराचा असेल तर त्या चाकाचा वेग कायम वेगळा दिसतो. आणि टायर गोटा झालेले असतील तर एबीएसकडून काही अपेक्षा करू नका.

प्रश्न: बायको नुकतीच गाडी शिकलीये. एबीएस लागल्यावर कसं वाटतं हे तिला आधीच दाखवता येईल का?

दाखवाच, आणि तुम्हीही करून बघा. खूप ड्रायव्हर असे आहेत की ज्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालवूनही एकदाही ब्रेक पूर्ण दाबलेला नसतो. १९९०च्या दशकात मर्सिडीजने सिम्युलेटरवर हेच पाहिलं, की संकटात लोक ब्रेकवर पाय झटकन नेतात पण पुरेसा जोर देत नाहीत. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी ब्रेक असिस्ट आणलं, जे पाय किती झपाट्याने पडला यावरून ओळखतं आणि उरलेला जोर स्वतः लावतं. तुमच्या गाडीत ते असेल-नसेल, जोर द्यायची सवय मात्र पायाला हवी.

मोकळं मोठं मैदान किंवा रिकामी बंदिस्त जागा शोधा, जागामालकाची परवानगी घेऊन, मागे-पुढे कुणी नको, जमीन ओली असेल तर उत्तम कारण कमी स्पीडला एबीएस लागतं. सीटवरच्या पिशव्या, बाटल्या, डिकीतलं सुटं सामान काढून ठेवा, बाटली घरंगळून ब्रेकखाली गेली तर भलतंच. सीट इतकी पुढे घ्या की पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, पाय ताठ करून दाबावं लागत असेल तर जोर येत नाही. बेल्ट दोघांनीही लावा. तीस-चाळीसचा स्पीड घ्या आणि तुम्ही "ब्रेक" म्हणालात की तिने लाथ मारल्यासारखा दाबायचा आणि थांबेपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या वेळी ती थरथरीला दचकून पाय उचलेलच, रागावू नका, परत करा. दचकणं गेलं की मग तिला पूर्ण ब्रेक दाबून ठेवून एका बाजूला वळायला सांगा, मैदानात एखादा रिकामा खोका ठेवून त्याला बगल द्यायला. गाडी खरंच वळते हे हाताला कळलं पाहिजे, वाचून ते पोचत नाही. शेवटच्या काही मीटरमध्ये, चालण्याएवढ्या स्पीडला, एबीएस सुटतं आणि चाक थोडं घासू शकतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही, ते तसंच बनवलेलं असतं.

लागोपाठ फार वेळा करू नका, डिस्क तापतात. मधे मधे ब्रेक न लावता एक-दोन फेऱ्या मारा आणि तापलेल्या ब्रेकवर लगेच हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, सपाट जागेवर गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा.